नातीचं पहिलं पाणी

मंडळी, नामाचा गजर झाला, घसे मोकळे झाले, आता जरा मांडी सावरून बसा. मला एक प्रश्न विचारायचाय. घर भाड्यानं देणारा माणूस नेमकं देतो काय? भिंती देतो? त्या त्याच्याच राहतात. जागा? तीही त्याचीच. किल्ली? अहो, किल्लीची दुसरी जोड त्याच्या कडदोऱ्याला असतेच की! मग आपण महिन्याच्या महिन्याला भाडं भरतो ते कशाचं?

पेटीवाले हसताहेत बघा. ते स्वतः भाड्यानं राहतात. हसा बुवा, पण सूर सोडू नका.

तर ऐका. जुन्नरकडं एक गाव. डोंगराच्या कुशीत, त्यामुळं मार्गशीर्षात थंडी अशी, की माणूस आंघोळीच्या नुसत्या विचारानं शुद्ध होतो! त्या गावात बाळकृष्णाचं देऊळ. रांगणारा बाळकृष्ण, एक गुडघा टेकलेला, एक हात पुढं. थंडीत त्याला लोकरीचं टोपडं घालायचं, अंगात झबलं घालायचं, आणि भल्या पहाटे कोमट पाण्यानं न्हाऊ घालायचं. ही सेवा होती निवृत्तीशेठ डुंबरे यांच्याकडं.

माणूस भाविक बरं का. खोटं नाही सांगत. पहाटे विहिरीवर स्नान, ओलेत्यानं देवळात. त्या देवळाचा एक रिवाज होता. पाणी देवाच्या अंगावर घालण्याआधी न्हाऊ घालणाऱ्यानं ते आपल्या हातावर घ्यायचं. का? तर देव पडला तान्हा! पोळलं तर सांगणार कसं? गारठला तर रडणार कसं? म्हणून आधी आपला हात. निवृत्तीशेठ तांब्या कलता करायचे, तळहातावर धार धरायचे, डोळे मिटायचे. कढत वाटलं तर गार पाण्याचं विसण घालायचे, पुन्हा हात धरायचे. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाचं काळीज लोण्याचं आहे.

आणि होतं हो लोण्याचं. फक्त देवळात.

शेठचं घर दुमजली. वर शेठ राहायचे, खाली भाडेकरू ठेवलेला. भाडेकरू म्हणजे रत्नमालाबाई वाळुंज. एसटीत कंडक्टर. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी पल्लवी, तिचं लग्न करून दिलेलं. बाई सडसडीत, आवाज खणखणीत. ज्या बाईनं यात्रेच्या गर्दीत दारात लोंबकळणाऱ्या गड्यांना आत सरकवलंय, ती काय कुणाला भिणार?

खालच्या न्हाणीत गिझर होता. शेठनीच बसवलेला. गिझरसकट घर म्हणून भाडंही चढं लावलेलं. आणि तो गिझर, मंडळी, पाणी तापवायचाच, पण नळाला हात लावला की माणसालाही हलवायचा. झिण्ण! कोपरापर्यंत मुंग्या. एकदा तर बाईंच्या हातातला तांब्या उडून भिंतीवर आदळला.

बाई वर गेल्या. म्हणाल्या, "शेठ, गिझरचा करंट नळात उतरतोय. दुरुस्त करून द्या."

शेठ काय म्हणाले असतील? सांगा की. तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे, निम्म्यांनी ते म्हटलेलंही आहे!

शेठ म्हणाले, "जुना माल आहे बाई. थोडं चालायचंच. थांबा, तुम्हाला उपाय देतो." आत गेले आणि एक लाकडी पाट घेऊन आले. चांगला शिसवी पाट. "यावर उभं राहून आंघोळ करा. लाकडातनं करंट जात नाही."

पाट दिला हो! भाडेकरणीला न्हाणीत उभं राहायला पाट दिला आणि मनात म्हणाले, केवढा मी दयाळू!

रत्नमालाबाईंनी पाटाकडं बघितलं, शेठकडं बघितलं. "शेठ, उद्या माझ्या गाडीचा ब्रेक लागेना झाला, तर मी पॅसेंजरला काय सांगू? घट्ट धरून बसा म्हणून?"

शेठना ते झोंबलं. पुढं आठवण केली की उत्तर ठरलेलं. बघू. सांगतो. माणूस येईल. बाईंनी शेवटी स्वतःच वायरमन बोलावला. त्यानं स्क्रू काढून बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, "नुसत्या गिझरचं नाही हे. खालच्या मजल्याला अर्थिंगच दिलेलं नाही. भिंत फोडून नवीन वायर घ्यावी लागेल. मालकाला विचारा." आणि मालक म्हणाले, "माझ्या भिंतीला छिन्नी लावायची नाही."

म्हणजे बघा, स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही!

अशात पल्लवीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. माहेर म्हणजे त्या दोन खोल्या आणि ती न्हाणी. आता बायाबापड्यांनो, तुम्हाला मी काय सांगू? बाळंतिणीचं न्हाणं म्हणजे कढत पाणी, शेक, धुरी. तान्ह्याला पायांवर घेऊन बसायचं, खाली सगळी ओल, वर नळ. बाळाला कुठल्या पाटावर उभं करणार?

रत्नमालाबाई पुन्हा वर गेल्या. या वेळी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शेठ, उपकार मागायला आले नाही. घर तुमचं, गिझर तुमचा, त्याचं भाडं घेता. तो धड ठेवणं तुमचं काम आहे. कायदाही तेच सांगतो. मी लेखी देईन, वकिलाकडं जाईन, वेळ पडली तर कोर्टात उभी राहीन. पण त्याआधी तोंडानं सांगतेय. माझी लेक येणार आहे."

शेठ म्हणाले, "एवढं पटत नसेल तर जागा सोडा. दुसरीकडं बघा."

"नाही सोडायची," बाई म्हणाल्या. "मी हक्कानं राहते. भाडं कधी चुकलं का माझं? मग तुमचं काम का चुकतं?"

आणि जिना उतरून खाली आल्या. खाली आल्यावर मात्र त्या न्हाणीच्या दारात बसल्या आणि रडल्या. लेकीला आणायचं कुठं? सासरी कळवायचं काय, की माहेरच्या नळाला हात लावता येत नाही? त्या रडल्या, मग उठल्या, तोंड धुतलं. पाटावर उभं राहून.

पल्लवी सरकारी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. तिला घरी आणायचा दिवस उजाडला.

आता नीट ऐका. त्या पहाटे देवळात धूप लागलेला, समया पेटलेल्या, दहावीस माणसं काकड्याला जमलेली. निवृत्तीशेठ सोवळ्यात, अनवाणी, तळहातावर धार धरून डोळे मिटून उभे. डोळे उघडले तर समोर खाकी कपड्यांत रत्नमालाबाई. हात जोडलेले. आवाज नेहमीचा नाही, अगदी हळू.

"शेठ, देवाचं पाणी तुम्ही हातावर घेऊन बघता. आज माझी नात घरी येतीय. तिचं पहिलं पाणीही तुम्हीच बघा. तुमच्याच घरचं पाणी आहे."

गुरवाच्या हातातली घंटा हातातच राहिली. नाही म्हणायचं कसं? देवासमोर, गावासमोर? शेठनी मान वर केली. "येतो की. त्यात काय?"

आरती झाली आणि शेठ निघाले. अंगाला सोवळं, पाय अनवाणी, मागं सगळा काकडा. खालच्या मजल्यात शिरले, न्हाणीत गेले. फरशी ओली. खिडकीतनं नुकता उजेड येत होता. दारात माणसांची दाटी. समोर नळ.

शेठनी हात पुढं केला. तोच हात, देवाची धार झेलणारा.

आणि मंडळी, त्या क्षणी शेठचा पाय हलला. कुणी सांगितलं नाही, शेठनी मनात आणलं नाही. उजवा पाय आपला आपण बाजूला गेला, कोपऱ्यातला पाट त्यानं ओढला, आणि शेठ पाटावर चढले.

चढले, आणि मग त्यांना कळलं आपण कुठं उभे आहोत.

दारातली माणसं बघत होती. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच तिथं. माझ्या तर आत्ता सांगतानाही अंगावर काटा येतोय. जीभ म्हणत होती, थोडं चालायचंच. पायाला सगळं ठाऊक होतं! हात नळाजवळ तसाच अधांतरी.

रत्नमालाबाई म्हणाल्या, "लावा हात, शेठ. मेन स्विच मी पहाटेच पाडून आलेय. नळात काही नाही."

नळात काही नव्हतं!

"तुम्हाला काही व्हावं म्हणून नाही बोलावलं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला झालं तरी मला वाईटच वाटलं असतं. मला फक्त पाणी पाहिजे."

निवृत्तीशेठ त्या पाटावरच मटकन खाली बसले. आयुष्यभर ज्यांनी देवाला जपलं, त्यांना त्या ओल्या फरशीवर देवापेक्षा मोठं काहीतरी समोर उभं दिसलं. खाकी साडी, खांद्याला अडकवलेली तिकिटांची पिशवी, आणि डोळ्यांत राग नाही. शिव्या घातल्या असत्या तर शेठ भांडले असते. राग नव्हता म्हणून काही उरलंच नाही त्यांच्याकडं. "बाई," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "फोडा भिंत."

वायरमन आला, छिन्नी चालली, दिवसभर घरात धुरळा. पोरगी बाळ घेऊन आली ती वरच्या मजल्यावर, शेठच्या माजघरात. शेठाणीनं आपल्या चुलीवर पाणी तापवून बाळंतिणीचे हातपाय शेकले. खाली नवी वायर पडली, नवा गिझर लागला. शेठनी वायरमनला स्वतःसमोर तपासायला लावलं, पुन्हा तपासायला लावलं. तो वैतागून म्हणाला, "शेठ, आता काय मला शपथ घ्यायला लावता का?"

दुसऱ्या दिवशी पहाट झाली. देवळात काकडा जमला. गुरव वाट बघतोय, शेठचा पत्ता नाही! बाळकृष्ण तसाच, टोपडं काढलेला, पाण्याविना. कधी न झालेली गोष्ट.

शेठ होते खाली, न्हाणीत. अनवाणी, ओल्या फरशीवर. त्यांनी नळ सोडला, तळहात धारेखाली धरला आणि डोळे मिटले. पाणी कोमट होतं. बाकी काही नव्हतं, नुसतं पाणी.

"घ्या," ते म्हणाले.

न्हाऊ घालणारी सोनाआजी पाय लांब करून बसली होती. तिनं ती तान्ही पोर नडगीवर पालथी घेतली. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलेलं. पहिला तांब्या पाठीवरनं गेला, आणि पोर गप्प झाली. एक गुडघा दुमडलेला, एक मूठ पुढं. अंगातनं वाफ निघत होती. निवृत्तीशेठ दाराला धरून उभे. तेच ते रूप! इतकी वर्षं ज्याला न्हाऊ घातलं, ते त्यांच्याच घरात खाली राहायला आलं होतं, आणि त्याला ते म्हणाले होते, दुसरीकडं बघा.

शेठ तिथंच रडले. पदरानं डोळे पुसणाऱ्या बायांत एक पुरुष उभा राहून रडत होता, आणि कुणाला ते वावगं वाटलं नाही.

उशिरा देवळात पोचले. गुरव कुरकुरला, "शेठ, आज देव ताटकळला की." शेठ म्हणाले, "कळलं असेल त्याला."

तर मंडळी, आता सांगा माझ्या प्रश्नाचं उत्तर. काय देतो घर भाड्यानं देणारा? भरवसा देतो! आत निजेल तो सुखानं निजेल, न्हाईल तो सुखानं न्हाईल, एवढा भरवसा. तो काढून घेतला तर उरलेल्या भिंतींचं भाडं घेणं म्हणजे निव्वळ लबाडी.

तुमच्यात किती जणांची घरं भाड्यानं दिलेली आहेत, ते मी विचारत नाही. हात वर करू नका, शेजारी बघेल. कुणाचा गिझर, कुणाची मोटर, कुणाच्या पंख्याचं उघडं बटण, ज्याचं त्याला आत्ता डोळ्यांपुढं आलं असेल. आणि भाडेकरूंनो, तुम्हीही माना खाली घालू नका. नीट सांगा, एकदा सांगून झालं नाही तर पुन्हा सांगा, लेखी द्या, दार ठोठावा. हक्काचं मागताना आवाज चढवावा लागत नाही आणि हातही पसरावा लागत नाही.

आता आरतीची वेळ झालीय. पण ज्याला उठून जायचंय, वायरमनच्या घरी, भाडेकरूच्या दारी, त्यानं आत्ता उठावं. मी रागावणार नाही. आरती चुकेल याची भीती बाळगू नका. देवाला थांबता येतं हो. तान्ह्या लेकराला येत नाही.