बुरुजाला टेकून

हल्ली इतिहास कोणी वाचत नाही म्हणता? आमच्या गावात वाचला की मनावर घेतात. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून मी देशाचा एक इतिहास आणला, राजांऐवजी ओझी वाहणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेला. संध्याकाळी गावच्या बुरुजापाशी बसून चौघांना त्यातलं एक पान वाचून दाखवलं. बांधकाम टिकावं म्हणून पायाभरणीत एखादा मजूर जिवंत गाडल्याच्या कथा ठिकठिकाणी सांगतात, असं त्यात होतं.

आमचा बुरुज ज्या घराण्याने बांधला, त्यातले आप्पा बुरुजालाच टेकून बसले होते. त्यांच्या पूर्वजांच्या नावांची नवी पाटी डोक्यावर होती. ते एकदम तापले.

"आमच्या घराण्याची बदनामी हाय ही. जाळा ते पुस्तक."

"आप्पा, यात आपल्या गावाचं नावही नाही," मी म्हणालो. नाव नसताना हरकत घेणारे मी तलाठ्याच्या नोकरीत पुष्कळ पाहिले होते.

"नसंना. पन तिच्या पोरांना आमी जमीन दिली व्हती, ते का न्हाई लिवलं?"

मग रांजणगावच्या कंपनीत जाणाऱ्या सदाने हळूच विचारलं, "कुणाच्या पोरांना, आप्पा?"

बुरुजाला टेकलेली पाठ तेवढी आप्पांनी सावकाश काढून घेतली.