चिकूच्या दुधात वेलची

बोईसरच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात हेमलता आपला नंबर यायची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर दांडी गावच्या दोघी कोळणी बसल्या होत्या, येसूबाई आणि तिची शेजारीण नलू. मिक्सरचं भांडं येसूबाईच्या मांडीवर होतं.

"भांडं तर चांगलं हाय, येसूबाय. नवं कशाला घेतेस?"

"या भांड्यानं मला मान खाली घालाय लावली गो. पोराच्या सायबाची बायको घरी आलेली. शाकाहारी बाई. म्हटलं, पटकन चिकू नि दूध फिरवून देऊ."

"बरं केलंस की."

"सकाळी त्यातच सुकटीची चटणी वाटलेली. भांडं धुतलेलं, पण झाकणाच्या रबरात वास राहिला. आपल्या नाकाला कुठं कळतंय?"

"अगो बाय. तिनं तोंड वाकडं केलं?"

"केलं असतं तर बरं झालं असतं. सगळा गिलास प्यायली. वर विचारते, चव वेगळीच हाय, काय घातलंत?"

"मग तू काय सांगितलंस?"

"वेलची."

हेमलतानं हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"मग झालं. तिला काय कळणार नाय."

"माझ्या घरात बसून काय तरी प्यायलेली सायबांच्या कॉलनीतली ती पहिली बाई. नि तिलाच मी बाटवली."

हेमलताचा पदर हळूच खाली आला.

"आता रविवारी सासूला घेऊन येते म्हणते, तेच प्यायला."

"म्हणून नवं भांडं."

"हं. पण नव्या भांड्यातलं पिऊन ती म्हणाली, त्या दिवसासारखी चव नाय, तर कुठल्या तोंडानं परत वेलची सांगू?"