मागच्या खोलीतला भोंगा

जबाब देणारीचे नाव : राहीबाई बाळाराम केणे. वय : अंदाजे एकसष्ट, जन्माचा दाखला नाही. धंदा : घरकाम, पूर्वी भातशेती, त्या जमिनीवर आता गोदाम उभे आहे. राहणार : शेलार, ता. भिवंडी, जि. ठाणे. दिनांक १६ मे २००७, बुधवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. हवालदारांसमोर बसून मी सांगते की, वरील पत्त्यावर मी, मुलगा कुणाल, सून पूर्वी व नात असे राहतो. माझे पती वारले आहेत. काल कुणालने माझे दागिने चोरीला गेल्याची फिर्याद याच ठाण्यात दिली व त्यावरून यहया नावाच्या तरुणाला आज सकाळपासून येथे बसवून ठेवले आहे. तो आत्ता समोरच्या बाकावर बसलेला मला दिसतो. त्याने चोरी केलेली नाही. चोरी झालेलीच नाही. मी हे पहिल्या वाक्यात सांगितले होते, पण हवालदार म्हणाले की आधी सुरुवातीपासून सांगा, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मार्च महिन्यात आमच्या आळीत एका घरी दिवसा चोरी झाली. तेव्हापासून कुणालने घरात चोर आल्यावर वाजणारे यंत्र बसवायचे मनावर घेतले. तो रंगीत चित्रांची पुस्तके घेऊन आला. एक यंत्र वायरीचे, एक बिनवायरीचे, एक दाराला लोहचुंबक लावायचे, एक छतात डोळा बसवायचे. सून पूर्वी हिचे म्हणणे होते की नवीन रंग दिलेल्या भिंतीला भोके नकोत. कुणालचे म्हणणे होते की भोके पडली तरी चालतील पण मोबाईलवर फोन आला पाहिजे. मला कोणी विचारले नाही, तरी मी विचारले की चोर आला तर हे काय करणार. कुणाल म्हणाला, "आई, ते ओरडणार." मी म्हणाले, "आरं, मग मी वरडतेच की. मना एवढ्यांदी वरडता येतं का आळी गोळा होईल." त्यावर दोघेही हसले व डोळ्याचे यंत्र घ्यायचे ठरले.

यंत्र बसवायला यहया आला. तो भिवंडीत राहतो व अशी यंत्रे बसवण्याचेच काम करतो. दोन दिवस तो आमच्या घरात होता. त्याने पुढच्या दाराला चुंबक लावले, दाराजवळ आकड्यांच्या बटनांची पेटी लावली, आणि मागच्या खोलीत, जिथे लोखंडी कपाट आहे, तिथे कोपऱ्यात डोळा बसवला. भोंगाही त्याच खोलीत लावला. पुढचे दार दिवसा उघडे राहते, म्हणून ते फक्त रात्री चालू करायचे व मागची खोली कायम चालू ठेवायची, असे कुणालने त्याला सांगितले. म्हणजे त्या खोलीत पाऊल टाकायचे तर आधी पेटीवर आकडे दाबून यंत्र बंद करायचे. त्याच खोलीत माझी लुगडी असतात, हे कुणालच्या लक्षात आले नाही.

यंत्र बसल्यापासून माझा जीव टांगणीला लागला होता, हे मी स्पष्ट सांगते. मी समोरून गेले की त्या डोळ्यात लाल दिवा लुकलुकायचा. पलीकडे बसून कोणी बघतो का, हे मला समजेना. मी यहयाला विचारले. तो म्हणाला, "नाही चाची, त्याला दिसत नाही, नुसतं कळतं." दिसत नाही तर कळते कसे, हे मी अजून समजून घेते आहे. लुगडे बदलताना मी त्यावर फडका टाकत असे.

कुणालने आकडे ठेवले ते त्याच्या गाडीचे. ते माझ्या डोक्यात राहीनात. दोन आकडे बरोबर दाबले की पुढचे दोन उलटे व्हायचे. मग भोंगा वाजायचा, कुणालला फोन जायचा, कुणाल गोदामावरून धावत यायचा व बघतो तर मी. असे एका आठवड्यात तीनदा झाले. एकदा बोंबील विकणारी पाणी प्यायला आत आली तेव्हा, एकदा मांजर शिरले तेव्हा, एकदा मी पापडाचा डबा काढायला गेले तेव्हा. तिसऱ्या वेळी कुणाल मला म्हणाला की आई, तू त्या खोलीत जातेसच कशाला. माझ्या घरातल्या माझ्या खोलीत मी कशाला जाते, हे त्याने मला विचारले. मला खूप वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी यहया भोंग्याचा आवाज कमी करायला आला होता. माझे तोंड बघून त्याने विचारले. मी सांगितले. तो म्हणाला, "चाची, आम्हा बसवणाऱ्यांचा एक वेगळा लंबर असतो, सोपा आहे, एकच बटन चार वेळा. तुम्ही तोच वापरा. कुणालभाईंना बोलायची गरज नाही, उगाच हसतील." त्याने माझ्याकडून पाच-सहा वेळा करून घेतले. बंदही करून घेतले व चालूही करून घेतले. ते बटन कोणते, हे येथे लिहायचे की नाही मला समजत नाही, म्हणून सांगत नाही.

दिनांक १० मे, गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमारास (नाव खोडले) ही माझ्याकडे मागल्या दाराने आली. घरात मी एकटी होते. कुणाल गोदामावर होता व पूर्वी मुलीला सुट्टी म्हणून माहेरी गेली होती. तिने दागिने मागितले. मी पेटीवर यहयाने शिकवलेले बटन चार वेळा दाबले, मागच्या खोलीत गेले, कमरेच्या किल्लीने कपाट उघडले व एक वज्रटीक, एक पोहेहार आणि हातांतले तोडे असा ऐवज तिच्या ओटीत घातला. कपाट लावले. खोलीतून बाहेर येऊन यंत्र पुन्हा चालू केले. भोंगा वाजला नाही. पहिल्यांदाच मला ते यंत्र धड जमले म्हणून मला फार आनंद झाला होता.

हवालदारांनी विचारले की दागिने विकले की गहाण टाकले. मी सांगते की, दोन्ही नाही. आमच्या आळीत लग्न निघाले आणि नवरीच्या अंगावर घालायला घरात पुरेसे नसले, तर ज्या घरी सोने असेल त्या घरी जाऊन तिची आई मागते. देणारीने कारण विचारायचे नसते व घेणारीने हात जोडायचे नसतात. नवरी माहेरपणाला परत आली की ते दागिने परत येतात. माझी वज्रटीक किती गळ्यांत जाऊन आली ते मी मोजलेले नाही. आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत असते. पुरुषांना माहीत नसते, कारण त्यांना कोणी सांगत नाही आणि त्यांना दिसतही नाही. या महिन्यात शेलार व आजूबाजूला पुष्कळ लग्ने झाली. कुणाल सगळीकडे जेवून आला. त्यातल्या एका लग्नात त्याने माझ्याच हारावर अक्षता टाकल्या, आणि परवापर्यंत त्याला काहीही गेलेले नव्हते.

पूर्वी सोमवारी माहेरून आली. काल, मंगळवारी, तिने आपल्या बांगड्या ठेवायला कपाट उघडले तेव्हा माझा डबा रिकामा दिसला. मी काल सकाळीच खारबावला बहिणीकडे गेले होते. माझ्याकडे मोबाईल नाही, पण बहिणीच्या घरी फोन आहे व त्याचा नंबर कुणालला पाठ आहे. त्याने फोन केला नाही. आईला ऐकून धक्का बसेल, म्हणून केला नाही, असे त्याने काल येथे सांगितल्याचे हवालदार म्हणतात. त्याऐवजी त्याने यंत्र बसवणाऱ्या दुकानातून माणूस आणून यंत्राच्या पोटातली नोंद बघितली. कोणत्या आकड्याने कधी बंद केले हे त्यात राहते, असे मला आज कळले. त्यात गुरुवारी दुपारी बसवणाऱ्याचा आकडा निघाला. कपाट फोडलेले नव्हते, तेव्हा यहयाने किल्लीचा साचा घेतला असावा असे कुणालने मानले. कपाटाची एक किल्ली आईच्या कमरेला असते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आज दुपारी मी खारबावहून घरी पोचले तेव्हा आमच्या पायरीवर एक बाई बसली होती. ती यहयाची आई जाहिदा. मी तिला आधी कधी भेटले नव्हते. तिच्या हातात डबा होता. ती म्हणाली, "माझं पोरगं सकाळपासून एकच बोलतंय, चाचीला विचारा, चाचीला विचारा. ती चाची तुम्हीच का?" मला काय झाले ते कळेना. चाचीला काय विचारायचे, हेच मला कळेना. मग तिने सगळे सांगितले. मी पाणीसुद्धा न पिता तिच्याबरोबर रिक्षाने इथे आले. तो पोरगा सांगत होता आणि एकाही माणसाने येऊन मला विचारले नाही. पोलिसांनी नाही, माझ्या मुलाने नाही. याचा मला राग आहे, तो लिहावा.

हवालदारांचे म्हणणे की, दागिने कोणाकडे आहेत त्या बाईचे नाव दिल्याशिवाय माझे म्हणणे खरे धरता येणार नाही. एखादी आई मुलाचा किंवा दुसऱ्या कोणाचा बचाव करायलाही असे सांगू शकते. त्यांचे बरोबर असेल. मी गोंधळले आहे. नाव दिले तर पोलीस त्या घरी जातील. त्या घरून नवरीच्या सासरी जातील, कारण दागिने आता तिच्या अंगावर आहेत. सासरच्यांना ते तिचेच वाटतात. नाव नाही दिले तर हा पोरगा इथे बसून राहील. इथे बसल्यापासून डोक्यात हेच दोन चाकांसारखे फिरते आहे आणि दोन्हींकडून माझाच हात सापडतो.

मी स्वतः उसन्या सोन्यात लग्न होऊन या घरात आले. पाचव्या दिवशी ते परत गेले व सासूला कळले. त्यानंतर ती मरेपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, मी पाण्याचा हंडा उतरवला तरी ती म्हणायची, "सांभाळून गो, उसना तर न्हाय ना?" लोकांसमोर म्हणायची. माझ्या मुलांसमोर म्हणायची. मी या गोष्टीबद्दल आजपर्यंत कोणाशी बोलले नव्हते. ते लिहायचे असेल तर लिहा. त्या पोरीचे वय एकोणीस आहे. तिच्या वाट्याला हे मी माझ्या तोंडाने घालणार नाही.

बोलण्याच्या भरात वर एका जागी माझ्या तोंडून नाव गेले व हवालदारांनी ते लिहिले. ते ध्यानात आल्यावर मी कागदावर हात ठेवला आणि खोडल्याशिवाय उचलणार नाही असे सांगितले. याच वेळी कुणाल ठाण्यात आला. त्याने उभ्या उभ्या सगळे ऐकले. तो मला म्हणाला, "आई, तू मला आधी सांगायचं नाहीस का?" मी म्हणाले, "तू मना इचारलंस का?" हवालदारांनी त्याला विचारले की नाव तुम्हाला माहीत आहे का. त्याने माझ्याकडे बघितले. त्याला लग्नातला हार आठवला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मला माहीत नाही. दागिने आईचे आहेत. माझी तक्रार नाही." त्याने तसे वेगळ्या कागदावर लिहून दिले. मुलाने माझ्यासाठी पोलिसांसमोर खोटे बोललेले मी पहिल्यांदा ऐकले. ते मला आवडले, हे लिहू नये असे मी सांगितले, पण हवालदारांनी लिहिले.

यहयाला मी येथे सर्वांसमोर सांगितले की, बाबा, चूक माझी, तू मला शिकवलेस आणि मी तुला अडकवले. तो म्हणाला, "चाची, चालू पण तुम्हीच केलं होतं ना परत? बरोबर केलं होतं." त्याच्या आईने मला बसायला जागा दिली.

दागिने कधी परत येतील हे मला माहीत आहे. आल्यावर मी स्वतः ते घेऊन ठाण्यात दाखवीन. तोपर्यंत कोणाला चोर म्हणूनच लिहायचे असेल तर माझे नाव लिहावे. दागिने माझे होते, किल्ली माझी होती, बटन मी दाबले.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश, दोन वेळा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी खोडलेल्या जागी ते थांबले तेव्हा मी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला. मला वाचता येत नाही, पण खोडल्याखालची अक्षरे दिसत होती. म्हणून त्यावर आणखी एकदा शाई फिरवून घेतली व त्याच जागी माझा अंगठा उमटवला. आता काही दिसत नाही. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे खरे आहे.

समक्ष
(डाव्या हाताचा अंगठा) राहीबाई बाळाराम केणे