लेकीले पावती मागतात का

नाही जी सत्तारभाऊ, 'गादी विकत घेतली' असं नोका लिहू — विकत घेतली म्हटलं का वाटते, माणूस दुकानात गेलं, चार गाद्या दाबून पाह्यल्या, भाव केला. तसं कुठी झालं? चतुराच्या गळ्यात मारली, असं लिहा. अर्जात असं चालत नाही? बरं, मंग तुमाले येते तसं लिहा, तुमी तीस वर्षं कचेरीसमोर अर्ज लिहून राहिले, मी काय शिकवू — पण लवकर लिहा, ग्राहक मंचाचा बाबू पाचाले उठते म्हणतात, अन् मले दर्यापूरची गाडी धरा लागते. नाही, खुर्ची नको. बसली का जास्तच घाबरं होते.

अर्जदार चतुराबाई, वय अडुसष्ट. मी? मी इंदूबाई, तिची शेजारीण — चाळीस वर्षांची शेजारीण, मधात फक्त भीत, ती खोकलली तं मले इकडं कळते. तिच्या पोरानं, श्यामनं, पाठवलं मले. थो दवाखान्यात मायपाशी बसून आहे.

तं लिहा, आमच्या इथं मंगल कार्यालयात दहा दिवस शिबिर लागलं. म्हाताऱ्या माणसाईले चुंबकाच्या गादीवर अर्धा तास निजवत, गुडघे, कंबर, बीपी, सारं जाते म्हणत, अन् निघताना हातात भेट — कधी चाळणी, कधी स्टीलचा डबा. चाळणीसाठी जात होतो का आमी? घरी काय चाळण्या नाहीत? भावना नावाची पोट्टी होती तेथी. दारात गेलं का पायाले हात लावे, 'आई, आज उशीर केला' म्हणे. आता मले सांगा, घरी कोण इचारते उशीर काहून केला म्हणून? सून वाईट नाही, पोरगा वाईट नाही, ताट झाकून ठेवतात — पण इचारत नाहीत. मी सकाळपासून अकरा वाजाची वाट पाहो. हे नोका लिहू.

आठव्या दिवशी म्या तिची ओटी भरली. हो, ओटी — खण, नारळ, गहू, पेटीतलं कोरं लुगडं. माय लहानपणीच मेली म्हणे तिची, अन् मले पोरगी नाही. म्हटलं, आजपासून तू माही लेक. रडली ना भाऊ ती. खरं रडली का खोटं, अजून सांगता येत नाही मले.

आता तुमी म्हणता पावती जोडा. पावतीच तं नाही. गादी म्याही घेतली, माह्यापाशीही नाही — लेकीले पावती मागतात का? गादीवर नागपूरचा पत्ता शिवलेला आहे, श्यामनं फोन लावला तं तेथचा माणूस म्हणे आमी तुमाले ओळखत नाही, पावती दाखवा. गेली गादी खड्ड्यात, गादीचा राग नाही मले. राग गोळ्यायचा आहे. भावनानं सांगतलं, गादीवर निजणाऱ्यानं बीपीच्या गोळ्या घेऊ नये, गादीचा गुण मरते. चतुरानं गोळ्या सोडल्या. एकविसाव्या दिवशी मोरीपाशी पडली. लकवा मारला — उजवा हात गेला, वाचा गेली. म्या भितीतून आवाज ऐकला भाऊ.

साक्षीदार? देणं-घेणं झालं तवा हजर असलेलं माणूस लागते? नाही, चहा नको म्हटलं ना. जरा रस्त्यावर पाहून येतो, गाडी — नाही, आता कुठची गाडी. आयका. चतुरा अडाणी नाही जी. अंगणवाडीत मदतनीस होती, सही-शिक्क्याशिवाय कागद ठेवे नाही. तिनं मागतली होती पावती. म्हणे, 'बिल दे वं बाई, अन् गोळ्यायचं सांगतलं थेही त्यावर लिहून दे, श्यामले दाखवा लागन.' भावनानं माह्याकडं पाह्यलं. अन् मी बोलली — भावना नाही, मी. म्हटलं, 'चतुरे, माह्या ओटीची लेक आहे ती, माह्यावर इस्वास नाही का तुहा?' चतुरानं पुढं केलेला हात मागं घेतला. मले वाईट वाटू नये म्हणून घेतला.

श्याम इचारे, माय इतकी हुशार, बिनापावतीचं काहून घेतलं? म्या म्हटलं, मले काय माईत. दोनदा इचारलं, दोनदा म्हटलं.

लिहून राहिले का हे? नाही, खोडू नोका. खोडलं तं चतुरा मूर्ख ठरते, अन् ती नव्हती. लिहा — अर्जदारानं पावती मागतली होती, इंदूबाईनं घेऊ दिली नाही. साक्षीदार इंदूबाई. सही कुठी करा लागते? अर्जदाराचा डावा अंगठा मी दवाखान्यातून आणतो, उद्या देऊ अर्ज. तिले वाचून दाखवला असं लिहा लागते? मंग मीच वाचीन. चौथी शिकली मी. ऐकू येते तिले, सारं समजते, फक्त बोलता येत नाही — मले शिवी द्यायची असन तरी देता येणार नाही. श्यामही तेथीच बसून असन.

काही म्हणू नोका सत्तारभाऊ. कागद द्या.