मिशीचा नवस

सिल्वासात वापीच्या बसच्या रांगेत ऋचाच्या पुढे एक नणंद-भावजय उभ्या होत्या, आणि दोघींना हसू आवरत नव्हतं.

"वहिनी, दादा उद्या मुंबईला उतरला की त्याला मिशीचं कोण सांगणार?"

"तू सांग, मंजू. भाऊ तुझा."

"नवरा तुझा. नवसही तुझ्याच सासूनं बोललाय."

"अगं, पण माणूस स्वतःचं काहीतरी बोलतो ना? 'लेक सुटू दे, सप्तशृंगीला त्याची मिशी वाहीन,' हे काय झालं?"

"फौजेतली मिशी ती. परदेशात वकिलातीत साहेब झाला, तरी काढली नाही."

"आणि त्या बंडखोरांनी धरून नेलं, तिथंही नाही. ते वस्तरा घेऊन आले, तर ह्यांनी जेवणच सोडलं. शेवटी त्यांनीच हात जोडले म्हणे."

"एवढ्या बंदुकांपुढून मिशी वाचवली, आणि आता आईच गडावर न्यायला बसलीय."

ऋचानं ओढणी तोंडावर धरली.

"काल फोनवर सांगणारच होते मी. तर हेच म्हणाले, मीही देवीला नवस बोललोय, घरी आलो की लगेच फेडायचा."

"दादा? आणि नवस? कसला गं?"

"ते नाही सांगितलं. नुसते हसत होते. म्हणाले, तुझ्या वतीनं बोललोय."

तेवढ्यात बस लागली. मंजू पोट धरून हसत हसतच वर चढली. वहिनीनं मात्र पाठीवरची लांबसडक वेणी पुढे ओढली आणि मुठीत घट्ट धरली.