अस्तराचे अकरा दिवस

मी, श्रीमती एडना हार्डकासल, वय ७८, पोस्टातून निवृत्त, सध्या स्टॅनवेल हॉल येथे पाहुण्यांना बिनपगारी माहिती सांगते, राहणार चर्च लेन, विक्सली, डर्बीशायर, आज ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

हॉलच्या दक्षिण दालनात साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनजवळ विणलेला लोकरी भिंतपडदा आहे. म्हणजे होता. देवी डायना आंघोळ करते, शिकारी ॲक्टिऑन नको ते बघतो, देवी त्याचं हरीण करते आणि त्याचीच कुत्री त्याला फाडतात. हे मी एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसून सांगत आले. घरी माझं ऐकायला कुणी नाही.

उजेडाने रंग उडतो म्हणून त्या दालनाच्या खिडक्या कायम झाकलेल्या असतात. पडद्याच्या अलीकडे चार हातांवर दोरी. चोरांनी पडदा उसवून नेला आणि मागचं जाडंभरडं अस्तर तसंच टांगतं ठेवलं. पुढे अकरा दिवस लोक येत होते, काय सुरेख रंग म्हणत होते आणि रांगेने चहाला जात होते. लंडनचे एक तज्ज्ञ तर वहीत ‘स्थिती उत्तम’ असं लिहून गेले. त्यांना कुणी ठाण्यात बोलावलेलं नाही.

सोमवारी कसरीचे सापळे बघणारे रेग अ‍ॅश्टन आले. सापळ्यात एकही कसर नव्हती. लोकरच नाही म्हटल्यावर ती कशाला थांबते! रेग दोरी ओलांडून गेले, हात लावून बघितला आणि म्हणाले, “एडना, अगं, हे नुसतं अस्तर आहे.”

व्यवस्थापक मि. पिमलॉट, वय बत्तीस, यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “मिसेस हार्डकासल, एक तर तुम्ही चोरांना सामील आहात, नाही तर तुम्हाला दिसत नाही. दिसत नसेल तर खुर्ची सोडावी लागेल.”

माझे डोळे ठणठणीत आहेत. मग अकरा दिवस कळलं कसं नाही, असं हवालदारांनी तीनदा विचारलं. तर मग मी सामील होते असं लिहा. पुरावा मिळाला नाही की चोर सुटतो आणि परत कामावर येतो.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही कुठे करायची ते हवालदारांनी माझं बोट धरून दाखवलं. एवढं लिहू नका, असं मी त्यांना म्हटलं होतं.