घंटा वाजते, दार हलत नाही

अध्यक्ष महोदय, तुमच्या गुडघ्यानं आज जिना चढू दिला, बरं वाटलं. व्यासपीठावरचे पाहुणे, तुमचा खोकला उतरला ना? रक्तपेढीच्या सिस्टर, पाठ टेकायला मिळते की नाही? आणि समोरच्या पेशंटांच्या नातेवाइकांनो, तुम्हाला मात्र विचारत नाही. आपलं आपल्याला ठाऊक.

मी दारं-खिडक्या करणारा सुतार. आज ज्यांना निरोप देतोय, त्या डॉक्टरबाईंनी मला माझ्याच भाषेत रक्त शिकवलं. माझ्या लेकीचं रक्त लवकर थांबत नसे. बाई म्हणाल्या, "काका, रक्तातल्या प्लेटलेटच्या अंगावर घंट्या असतात, त्या म्हणजे रिसेप्टर. जखम झाली की घंटा वाजते, आतल्या कोठीतलं थोडं कॅल्शियम सुटतं. मग बाहेरचं दार, म्हणजे चॅनेल, उघडतं, कॅल्शियम आत लोटतं आणि प्लेटलेट एकमेकींना घट्ट धरतात. हिची घंटा वाजते, कोठीही उघडते. बाहेरचं दार तेवढं हलत नाही."

आम्ही काय ऐकलं? कॅल्शियम कमी! झालं, घरात दुधाचा मारा सुरू. लेक हसायची, "बाबा, दारं बसवणारे तुम्ही, आणि माल उंबऱ्याबाहेर ओतताय होय?" कॅल्शियम रक्तात भरपूर होतं हो. आत शिरत नव्हतं.

बाळंतपणात ती गेली. कळा दिवस भरायच्या आधीच आल्या, दात्यांच्या प्लेटलेटची पिशवी वाटेतच राहिली. नात तेवढी हाती लागली.

ती पाहा, दुसऱ्या रांगेत ओठ मिटून बसलीय. तिचा पहिला दुधाचा दात हलतोय. इतरांच्या घरी याचं केवढं कौतुक! आमच्याकडे जो तो तिच्या तोंडाकडे बघतो. काल म्हणाली, "आजोबा, काळजी नको, मी त्या बाजूनं चावतच नाही." एवढ्याशा पोरीनं आमची समजूत काढावी?

तिला सुई टोचू द्यायला जावई आजवर तयार नव्हते. काल झाले. दाराचा नकाशा जनुकात असतो म्हणे. हिचं दारही आईसारखंच आहे का, ते त्यात वाचायला तिचं रक्त बाई नव्या गावी नेताहेत.

बाई, तुमचे उपकार बोलून फिटायचे नाहीत. मंडळी, ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभात रडगाणं लावलं, पदरात घ्या. बाई, चांगलंच कळवा असं बंधन नाही. दार उघडत नसेल तरी कळवा, पिशवी आधी आणून ठेवू. पण उत्तर लवकर पाठवा. दात फार हलतोय.